ताईच्या घरापर्यंतचा चढ

ताईचं सासर कळमनुरी तालुक्यातल्या एका टेकडीवर आहे. वर पाच घरं, एक बोअर आणि भोवती सोयाबीन-तुरीची रानं. खालच्या डांबरी रस्त्यापासून घरापर्यंत चालत वीस मिनिटं लागतात. सुरुवातीला मुरूम आहे, त्यात पावसाच्या पाण्याने पडलेल्या चरी. मध्ये काळ्या खडकाचा उघडा पट्टा, त्यावर सुटे गोटे. त्यापुढे मातीचं वळण आणि मग घरं. खडकाचा पट्टा सर्वांत उभा. जीप खालीच थांबते. ट्रॅक्टर उन्हाळ्यात वर जातो. पावसाळा संपताना चरी इतक्या खोल झालेल्या असतात की तोही जात नाही.

ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्यावर आठवड्यातून दोनदा हिंगोलीला डायलिसिस सुरू झालं. सकाळी टेकडी उतरणं तिला हळूहळू का होईना जमायचं. अडचण परतताना यायची. डायलिसिसनंतर तिचा रक्तदाब उतरायचा, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. डॉक्टरांनी चढ चालायला मनाई केली. सुरुवातीचे काही आठवडे शेजारच्या चौघांनी तिला बाजेवर घालून वर नेलं. सोयाबीन काढणीला आलं तशी चार माणसं एका वेळी मिळेनाशी झाली. बैलगाडी एकदा करून पाहिली. खडकावरच्या हादऱ्यांनी ताईला उलट्या झाल्या.

माझं घर कळमनुरीत आहे. मी तिला तिथे येऊन राहायला सांगितलं.

"भावाच्या घरी बाईनं चार दिस राहावं, भाऊ," ती म्हणाली. "मी काय आता चार दिसाची हाय का? मला माह्या घरात राहू दे."

हे ती भांडून म्हणाली नव्हती. पण त्यानंतर मी विषय काढला नाही आणि दाजींनीही काढला नाही. आठवड्यातून दोनदा तिला वर कसं न्यायचं, एवढाच प्रश्न आमच्यासमोर उरला.

दाजींनी एटीव्ही आणली. नांदेड रस्त्यावरचं एक कृषी पर्यटन केंद्र बंद पडलं होतं, तिथे ती पर्यटकांना फिरवायला ठेवलेली होती. वारंगा फाट्याच्या एका मिस्त्रीने ती दुरुस्त करून दिली. मोटारसायकलसारखं हँडल, खोगिरासारखी लांब सीट, पुढे-मागे लोखंडी कॅरिअर आणि चार फुगीर टायर. एक बटण दाबलं की इंजिनाची ताकद चारही चाकांना जायची. वस्तीवर दुसऱ्याच दिवशी तिचं नाव खेकडा पडलं.

दाजी एकटे असले की खेकडा कुठेही चढायचा. मी चढाच्या कडेला उभा राहून ते बऱ्याचदा पाहिलं आहे. दाजी खालीच बटण दाबत, गियर लोमध्ये टाकत आणि अंगठ्याने एक्सलेटर एकसारखा धरून ठेवत. वेग माणसाच्या चालीएवढाच असायचा. मुरमात मागची चाकं घसरायला लागली की पुढची ओढून घ्यायची. खडकावर एखादं चाक अधांतरी व्हायचं, उरलेली तीन गाडी पुढे नेत. टायरांत हवा मुद्दाम कमी ठेवलेली होती, त्यामुळे ते गोट्यांवर दबून बसायचे. एका शेजाऱ्याला ते टायर बसलेले दिसले. त्याने दाजींना न सांगता ट्रॅक्टरच्या पंपाने चारही टायर टणक फुगवून दिले. त्या दिवशी गाडी खडकावर चेंडूसारखी उडत होती आणि दाजी मिस्त्रीला फोनवर शिव्या देत होते.

दुसरी चूक मोठी होती, आणि तीही मदत करणाऱ्यांचीच. ताईला बसवण्याआधी दाजींनी मागे गव्हाचं पोतं बांधून गाडी चढवून पाहिली. खडकावर मागची चाकं किंचित फिरताच बाजूने चालणारे दोघे उडी मारून मागच्या कॅरिअरवर उभे राहिले. ट्रॅक्टर चिखलात फसला की आमच्याकडे हेच करतात. मागच्या मोठ्या चाकांवर माणसं चढवली की चाकं पकड घेतात. खेकड्याची पुढची चाकं उचलली गेली. दाजींनी बाजूला उडी मारली. गाडी मागच्या कॅरिअरवर उभी राहून आडवी पडली. दाजींची नडगी सोलली, पोतं फुटलं, ते दोघे गव्हात बसले.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला. त्याने आधी गाडी तपासली, मग दाजींची नडगी.

"दाजी, बैलगाडी उलाळ झालेली पाह्यली का कधी?"

"जल्माची पाह्यली."

"मंग? मागं वजन झालं की जू वर जातं. हिचंबी तसंच. चारी चाकाला ताकद जाते, बराबर. पन चाक जमिनीला लागलं तर ती ताकद कामाची. फुडचं चाक हवेत गेलं, तर चार काय न् दोन काय. चढावर अंग फुडं टाकायचं. चालवनाऱ्यानं बी, मागं बसनाऱ्यानं बी."

"आन् हिला फुडं बसवली तर?" दाजींनी ताईकडे बोट केलं.

"मंग हँडल कोन धरनार? तुमचे हात पुरनार न्हाईत."

ताई ओट्यावरून ऐकत होती. "म्हंजी मी ह्यायच्या पाठीवर पडून ऱ्हायचं. लगीन झाल्यापासून तेच करून राहिले की," ती म्हणाली. मिस्त्री हसला, दाजींनी मान खाली घातली.

डायलिसिस नसलेल्या दिवशी तिने सराव केला. दाजींच्या कमरेला हात घालून, गाल त्यांच्या पाठीला लावून ती बसली. खडकाच्या पट्ट्यावर ती आणखी पुढे झुकली. गाडी न अडखळता वर आली. ताईने उतरून पदर सारखा केला आणि चहा ठेवला. त्या दिवशी आम्हा तिघांनाही वाटलं की काम झालं. मीही तसंच समजलो. ती ताजीतवानी होती म्हणून हे जमलं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

त्यानंतरच्या डायलिसिसला मी तिच्यासोबत हिंगोलीला होतो. परतताना ती जीपमध्ये खिडकीला डोकं टेकून होती. पायथ्याशी आलो तेव्हा उन्हं कलली होती. दाजी गाडी घेऊन थांबले होते. ताईचा हात सुटेल म्हणून त्यांनी बैलाचा कासरा आणला होता. तिच्या आणि स्वतःच्या कमरेभोवती त्याचे दोन वेढे घेऊन त्यांनी पोटावर गाठ मारली.

"गाय न्यून राहिले का बाजाराला?" ताई म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

मुरूम पार झाला. मी बाजूने चालत होतो. खडकाच्या मध्यावर ताईची मान मागे पडली. मानेमागे खांदे गेले. कासऱ्याने कंबर धरून ठेवली होती, वरचं अंग सगळं मागे झुकलं. पुढचं डावं चाक उचललं, मग उजवं. दोन्ही हवेत फिरत राहिली. दाजींनी अंगठा काढला, ब्रेक दाबला आणि हँडलवर छाती टेकली. मी धावत पुढे जाऊन पुढच्या कॅरिअरवर पोट टाकलं. चाकं खाली आली. दाजींनी गियर पार्कमध्ये टाकला.

गाडी थांबली. मग आमच्या लक्षात आलं की आता तिघांपैकी कुणालाच हलता येत नाही. दाजी उतरले तर पुढचं वजन जाणार. शिवाय गाठ ताणाने आवळली होती, एक हात ब्रेकवर ठेवून दुसऱ्याने सुटत नव्हती. मी कॅरिअर सोडून ताईला धरायला गेलो असतो, तर पुढचा भाग पुन्हा उचलला असता. ताईला स्वतः उतरता येत नव्हतं. मागच्या एका चाकाखालचा गोटा अधूनमधून करकरत होता.

दाजींनी वस्तीच्या दिशेने हाका मारल्या. वर सोयाबीनचं मळणीयंत्र चालू होतं, त्याच्या आवाजात त्या पोचत नव्हत्या. दाजींचा फोन घरीच राहिला होता. माझा खिशात होता आणि खिसा माझ्या व कॅरिअरच्या मध्ये दबला होता.

"ऐकून राहिली का?" दाजी मागे न बघता म्हणाले. "थोडी फुडं व्हय."

"होतच न्हाई," ताई म्हणाली.

"बोलत तरी राह्य."

"काय बोलू? दगडं दिसून राहिले नुसते."

दाजी दर मिनिटाला तिला हाक मारत होते. ती हुंकार द्यायची. एकदा तिने दिला नाही. दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मला तिचा चेहरा दिसत होता, ओठ पांढरे पडले होते. त्यांना दिसत नव्हता. "श्वास चालू आहे," एवढंच मी म्हणालो. थोड्या वेळाने ताईचा हुंकार पुन्हा आला.

किती वेळ गेला ते मला नक्की सांगता येणार नाही. मळणीयंत्र बंद झालं आणि त्यानंतरच्या पहिल्याच हाकेला वरून उत्तर आलं. तीन माणसं आणि एक बाई धावत उतरली. एकाने विळ्याने कासरा कापला. दोघांनी ताईला वरच्या बाजूने उचलून घेतलं. घर दूर होतं, पायथा जवळ. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही, त्यांनी तिला खाली नेलं.

रस्त्याकडेच्या दगडावर तिला बसवून पाणी पाजलं. तोंड पुसून ती म्हणाली, "भाऊ, तुह्या घरी फुडची खोली हाय ना रिकामी?"

"आहे."

दाजी म्हणाले, "आजच्यापुरतं जा. मिस्त्रीला इचारतो, मागं पाठीला टेकू लावता आला तर..."

"टेकू लावला तर अंग मागंच ऱ्हाईल," ताई म्हणाली. मिस्त्रीने सांगितलेलं तिनेच नीट ऐकलं होतं. "जावा. माह्यी गोळ्यायची पिशवी आना आन् दोन लुगडे. आन् गोधडी."

दाजी चढून गाडीपाशी गेले. खडकावर गाडी तशीच उभी होती. ते बसले, पुढे झुकले आणि अंगठा दाबला. चारही चाकांनी एकदम पकड घेतली. गाडी गोट्यांवरून आरामात वर गेली आणि मातीच्या वळणावर दिसेनाशी झाली.

ताई मान वर करून ते पाहत होती. एकट्या दाजींना गाडीवर वर जाताना तिने खालून प्रथमच पाहिलं असावं.

"मी नसले की बराबर चढतंय," ती म्हणाली.

मी फोन काढून जीपवाल्याला परत बोलावलं. कुठं जायचं, त्याने विचारलं. कळमनुरी, मी म्हणालो.