प्रकाशने सही करायला नकार दिला

प्रकाश शुद्धीवर आला आणि पहिलं वाक्य बोलला ते, "मला घरी जायचंय." धुळ्याच्या आमच्या हॉस्पिटलमध्ये त्याला आणलं तेव्हा श्वास जेमतेम चालू होता. पारोळ्याकडचा हा जेसीबी ऑपरेटर. पाठ दुखते म्हणून पेनकिलर कॅप्सूल सुरू केल्या, त्यांचीच सवय लागली आणि त्या दिवशी ओव्हरडोस झाला.

त्याचा थोरला भाऊ नाना माझ्या केबिनमध्ये आला आणि अहिराणीत म्हणाला, "मना भाऊ शे. मी सही करस, तुम्ही तेले कोंडी ठेवा."

मी सांगितलं, तसं करता येत नाही. बेशुद्ध माणसावर तातडीचे उपचार घरच्यांच्या संमतीने होतात. पुढे तो स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल आणि जिवाला धोका असेल, तर मानसिक आरोग्य कायद्यात सपोर्टेड ॲडमिशन असते. म्हणजे नातेवाइकाचा अर्ज, दोघा तज्ज्ञांची वेगवेगळी तपासणी आणि ठरावीक मुदत. प्रकाशला मात्र आपल्याला काय झालंय, उपचार न घेतल्यास काय होईल, सगळं नीट सांगता येत होतं. त्यामुळे सही त्याचीच हवी होती, आणि ती करायला तो तयार नव्हता.

"घरी जाऊन मेला तर कायदा येईल का डॉक्टर?" नानाने विचारलं.

मी प्रकाशच्या बायकोशी, संगीताशी बोललो. तिच्याकडून कळलं की आधी त्याला एका खाजगी व्यसनमुक्ती केंद्रात कुलूप लावून ठेवलं होतं. तेव्हापासून बंद दार दिसलं की त्याला घाम फुटायचा.

मी त्याच्या कॉटजवळ बसलो. म्हटलं, "तुझ्या सहीने राहिलास तर कुलूप नाही. जायचं म्हणालास की तपासून सोडतो."

संगीताकडे पाहून त्याने सही केली.

कॅप्सूल बंद झाल्यावर अंग ठणकतं, झोप उडते. औषध चालू होतं, तरी एका सकाळी त्याने पिशवी भरली. नाना दारात आडवा उभा राहिला. मी त्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि डिस्चार्जचे पेपर मागवले. प्रकाशला तपासलं आणि मीही दारापासून बाजूला झालो.

प्रकाश गेटपर्यंत गेला. बाहेरच्या टपरीवर उभं राहून चहा प्यायला. मग परत आला, पिशवी कॉटखाली सरकवली आणि सिस्टरला म्हणाला, "इंजेक्शन राहिलंय माझं."

पुढचा कोर्स त्याने पूर्ण केला. आता पाठीचा व्यायाम करतो, मशीन चालवतो, संगीतासोबत फॉलोअपला येतो. परवा नाना आपल्याच गावचा एक पेशंट घेऊन आला. केबिनमध्ये शिरण्याआधी त्याला समजावत होता, "येथं सही तुझीच लागते, भाऊ."

माझ्या ज्युनिअर डॉक्टरांना मी कायद्याचं हे कलम शिकवतो. परीक्षेत ते सोपं असतं. वॉर्डात मात्र पेशंट पिशवी भरून निघाला की दारापासून बाजूला उभं राहावं लागतं.