पडद्यापलीकडची कंबर

आमच्या भागातल्या निम्म्या बायका आज गाडी चालवतात त्या ब्रेकताईंच्या कृपेने. ब्रेकताई म्हणजे मोटार ट्रेनिंग स्कूलमधल्या शिक्षिका. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. ताईंचा पाय गेली कित्येक वर्षं तिथेच राहायला आहे, म्हणून हे नाव. बाई एरवी मऊ, पण गाडीत बसली की आवाज चढतो आणि शब्द एकच उरतो.

चौसष्टाव्या वर्षी मला गाडी शिकायची लहर आली. मुलगा म्हणाला, "आई, हवं तिथे मी सोडतो ना तुला." तेच तर नको होतं. मी कोणाकडे जाते, किती वेळ बसते आणि काय काय ऐकून येते, याला साक्षीदार कशाला? दोन शाळांनी मला हात जोडले. तिसरी ब्रेकताईंची.

मला सगळं जमायचं, एक क्लच सोडून. तो मी फारच पटकन सोडायचे. गाडी आधी उडी मारायची, मग बंद पडायची. ताई डॅशबोर्डला हात टेकून डोळे मिटायच्या. मला वाटायचं, बाई श्रद्धाळू आहे.

माझी कंबर पाळी गेल्यापासून कुरकुरत होतीच. त्यासाठी मी फिजिओथेरपीला जायचे. खरं सांगू? कंबर हे निमित्त. ती खोलीच इतकी सुखाची. ओळीने खाटा, मधे निळे पडदे, प्रत्येक खाटेवर एक बाई पालथी, कंबरेवर गरम शेक. तोंड कोणाचंच दिसत नाही, त्यामुळे प्रत्येकीचं सुटतं. सुना, विहिणी, शेजारी, सगळ्यांची उजळणी शेक निवेपर्यंत.

त्या दिवशी शेजारच्या पडद्याआडून फिजिओचा आवाज आला. पोरगी माझ्या नातीच्या वयाची, पण धाक सासूचा.

"मावशी, व्यायाम करताय ना घरी? मग दुखणं हटत का नाही?"

"रोज करते गं," उशीत दबलेला आवाज म्हणाला. "तू संध्याकाळी कंबर ठीक करतेस, सकाळी ती बाई येऊन पुन्हा मोडते."

मी कान टवकारले. "कोण हो ही बाई?" मी पडद्याला विचारलं.

"आहे एक. गाडी शिकायला येते. क्लच असा सोडते, जसा पायाला चटकाच बसलाय."

पलीकडची खाट हसली. मी तर शेक घसरेपर्यंत हसले. "वय काय हो तिचं?"

"साठी उलटलीय. चष्मा गळ्यात लटकवते आणि दिसत नाही म्हणून काचेला नावं ठेवते."

माझं हसू अर्ध्यावर राहिलं. चष्मा माझ्या गळ्यातच होता, छातीखाली रुतत होता. ताईंचा आवाज मी ओळखला नाही, कारण गाडीत त्या फक्त 'ब्रेक' म्हणतात. त्यांनी माझा ओळखला नाही, कारण माझी वाचा बसते अशी जगात एकच जागा आहे, ती गाडी.

"मग द्या की तिला दुसऱ्या कोणाकडे," फिजिओ म्हणाली.

"घेणार कोण? दोन शाळांनी परत पाठवलीय. मीही पाठवली तर पुन्हा स्टिअरिंगला हात लावायची नाही ती." मग आवाज खाली गेला. "मालक म्हणालेत, महिनाअखेरीपर्यंत कंबर सुधारली नाही तर ऑफिसात बसा, फोन घ्या. टेबलामागे कंबर राहील गं माझी, मी नाही राहायची."

मी उशी चावली.

"पाळी गेल्यावर कंबरेला धरून ठेवणारे स्नायू आळसावतात, त्यांना कामाला लावायचं," फिजिओ समजावत होती. "पाठीमागे टॉवेलची गुंडाळी ठेवा, मधेमधे उतरून चाला, गाडी हलताना पोट जरा आत घ्या. आणि धक्के टाळा."

मग ती माझ्याकडे आली. उताणं पडून, गुडघे दुमडून कंबर उचलायची आणि खाली आणायची. मी उचलली आणि नेहमीसारखी धप्पकन टाकली.

"आजी, टाकू नका. एकेक मणका टेकवत या. घाई कसली?"

'आजी' गिळून मी तसं केलं. मध्यावर सगळं अंग थरथरलं. तिथे थांबले, मग उरलेलं उतरले. आणि डोक्यात उजेड पडला. गाडीसुद्धा अगदी अशीच थरथरते, आणि मी नेमकी तिथेच पाय काढते.

घरी टेबलाखाली डावा पाय हळूहळू उचलत बसले. मुलाला वाटलं, मुंग्या आल्या.

सकाळी ताई टॉवेलला टेकून बसल्या, पोट आत घेतलं, डॅशबोर्ड धरला, डोळे मिटले. मी क्लच वर आणला. गाडी थरथरली. थांबले. श्वास सोडला, मग उरलेला क्लच.

जरा वेळाने ताई डोळे मिटूनच म्हणाल्या, "बंद पडली ना? असू दे काकू, परत चालू करा."

"ताई, आपण चौकात आलोय."

त्यांनी डोळे उघडले. डॅशबोर्डवरचा हात काढून मांडीवर ठेवला. 'ब्रेक' म्हणायच्याही विसरल्या.

महिनाअखेरीला मालकांनी विचारलं, "मग, टेबल लावू का तुमचं?" ताई म्हणाल्या, "लावा, पण बसवा दुसऱ्या कोणाला. दुखतं अजून थोडं, पण पेलवतं आता. आणि काकूंचा चढ राहिलाय."

चढावर मी गाडी कुठवर मागे नेली, हे मी कोणाला सांगत नाही. ताई सांगतात, खाटेवर पालथ्या पडून, अगदी रंगवून. मी शेजारच्या खाटेवर उशीत तोंड खुपसून सगळ्यांच्या बरोबरीने हसते आणि मधेच विचारते, "मग पुढे काय केलं हो त्या बाईने?"