लिनबाईंच्या लेकीचा वाटा

नेदरलँड्समधल्या रायस्वाइकला पोचले तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते हे, की इथे एवढी माणसं राहतात आणि आवाज कुणाचाच नाही. गणपती उरकले की परत जायचं, असं ठरवून मी कऱ्हाडहून मुलाकडे आले होते. मंदार आणि सून अनघा सकाळीच ट्रामने कामाला जात. मग घरात मी एकटी. तिथल्या खिडक्यांना पडदे नसतात, तरी कुणी कुणाच्या घरात डोकावत नाही. मी डोकावायची.

अशाच मला शेजारच्या लिनबाई दिसल्या. चिनी, माझ्याच वयाच्या. नवऱ्याबरोबर रॉटरडॅमला खाणावळ चालवली, नवरा गेल्यावर इकडे आल्या. हे मला अनघाने सांगितलं, तिला डच येतं. आमची दोघींची भाषा म्हणजे हातवारे. त्यांच्या कुंडीतल्या कोथिंबिरीला पाणी जास्त होतंय हे मी खुणेनं दाखवलं, तिथून ओळख झाली. त्या मला ओमा (डच भाषेत आजी) म्हणायच्या.

भाद्रपदातल्या पौर्णिमेला त्यांचा चंद्राचा सण असतो. त्यांनी मला आणि अनघाला बोलावलं, मंदारला नाही. चंद्राची पूजा बायकांनीच करायची, अशी त्यांच्या माहेरची रीत. मंदार म्हणाला, "उत्तम. मी भांडी घासतो."

गॅलरीत पूर्वेकडे तोंड करून टेबल मांडलं होतं. त्यावर पपनस, उकडलेल्या अळकुड्या, चहाचे चिमुकले पेले, तांदळाच्या वाटीत खोचलेल्या उदबत्त्या. मला परकं असं काही वाटलं नाही. मधोमध युएबिंग (सारण भरलेली, भाजलेली गोल वडी) होती, वर साच्याची नक्षी.

चंद्र यायचा होता. लिनबाई मात्र सारख्या खाली रस्त्याकडे बघत होत्या. त्यांची एकुलती लेक टिलबर्गला असते. आईने आता घर सोडून वृद्धाश्रमात जावं असं ती वसंतात म्हणाली, आणि आईने तिलाच दार दाखवलं. तेव्हापासून बोलणं बंद. आणि या सणाला तर घरच्या सगळ्यांनी एकत्र बसून खायचं असतं.

मी अनघाला म्हटलं, "त्यांना सांग, फोन करा की."

लिनबाईंनी मान हलवली. फोन लहानाने आधी करायचा, म्हणाल्या.

कालव्यापलीकडच्या इमारतींमागून चंद्र वर आला. मोठा, तांबूस. लिनबाई तीनदा वाकल्या, मीही हात जोडले. मग त्यांनी वडी कापली, चार सारखे तुकडे. तीन आम्ही खाल्ले. चौथा ताटलीत राहिला आणि त्या दोघी बोलत बसल्या. देवापुढचं ताटात टाकून उठायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. मी तो उचलला आणि खाल्ला.

अनघाने माझा हात दाबला, पण उशीर झाला होता. "आई, तो त्यांच्या मुलीचा होता. घरातलं जे माणूस आलेलं नाही, त्याचाही वाटा कापतात." मग हळूच म्हणाली, "आणि मधलं खारट पिवळं, ते बदकाच्या अंड्याचं होतं."

जन्मात मी अंडं खाल्लेलं नाही. पण त्याचा विचार करायची ती वेळ नव्हती. लिनबाई रिकाम्या ताटलीकडे बघत होत्या. मी हात जोडले. दुसरं काय करणार?

त्या उठून आत गेल्या. मला वाटलं, आता दार लावतील. पण त्या फोन घेऊन आल्या, नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. चिनी भाषेत भराभर बोलल्या. मध्ये 'ओमा' आलं आणि बोट माझ्याकडे वळलं, त्यामुळे तक्रार माझीच चाललीय एवढं कळलं.

 मग लेक बोलली, डचमध्ये. तिकडे वाढलेली पोरं आईला डचमध्येच उत्तर देतात. अनघाने माझ्या कानात सांगितलं, "ती विचारतेय, आई, माझा वाटा कापला होतास तू?"

लिनबाईंनी एकच शब्द उच्चारला. तो कुणी सांगायची गरज नव्हती.

थोड्या वेळाने लेकीने विचारलं, आत्ता निघाले तर चालेल का. लिनबाई पपनस सोलायला लागल्या, पण फोन काही ठेवला नाही. आम्ही दोघी उठलो. मायलेकींच्या भेटीत तिसऱ्याचं काय काम? सकाळी त्यांच्या दाराशी बुटांचा एक जोड जास्त होता.

मग मी कऱ्हाडला परत आले. वृद्धाश्रमाचं त्यांचं काय ठरलं ते मला माहीत नाही. ते भांडण एका वडीने मिटण्यातलं नव्हतं. पण एक मला कळलं. आपण माणसाचा वाटा काढून ठेवतो आणि ते त्याला सांगतच नाही. मग त्याला कळावं कसं?

कोजागिरीला मी गच्चीवर दूध आटवलं. माझा पेला भरला, शेजारी मंदारचा भरला आणि त्याला फोन लावला. म्हटलं, तुझ्या नावाचं दूध काढलंय.

 तो म्हणाला, "साय आहे का गं त्यावर?"

मी म्हटलं, "आहे."