‘शेतकऱ्यांची’ लिहिताना राहून जाणारा जोड

काल दुपारी तेलंगणातल्या गुडीहत्नूरला, मी कामाला असतो त्या ऑनलाइन सेंटरमध्ये मी खुर्चीवरून उठून एकटाच टाळ्या वाजवायला लागलो... अर्ज भरायला आलेले दोघे बघतच राहिले!

झालं असं की सेंटरचे मालक सुरेशभाऊ यांनी भाजी पिकवणाऱ्यांसाठी वेबसाइट काढली आहे. पत्ता मराठीतच... ‘शेतकऱ्यांचीभाजी’. त्यातल्या ‘ऱ्या’चा पापणीसारखा र हवा असेल, तर आमच्या कीबोर्डवर मध्ये एक न दिसणारा जोड टाइप करावा लागतो. तो राहिला की ‘शेतकर्यांची’ होतं, आणि बहुतेकांचा तो राहतोच... म्हणून भाऊंनी तो चुकीचा पत्ताही विकत घेऊन त्यावर हीच साइट लावली होती.

मागच्या महिन्यात मी त्या चुकीच्या पत्त्यावर लॉगिनचं पान तपासत होतो. ब्राउझरने बरोबर पत्त्यासाठी साठवलेला पासवर्ड तिथे आपणहून भरून टाकला!

पासवर्ड साठवताना ब्राउझर तो जोड गाळत होता. त्याच्या लेखी दोन्ही पत्ते एकच! उद्या एखाद्या ठकाने दुसऱ्या कुठल्या मराठी साइटचा असा चुकीचा पत्ता विकत घेतला, तर लोकांचे पासवर्ड आयते त्याच्या हातात.

ब्राउझरच्या कंपनीला इंग्रजीत मेल लिहायला बसलो. मी दहावी अर्धवट सोडलेला... एकेक शब्द डिक्शनरीत बघता बघता तीन दिवस गेले.

“काऊन रे, मेल लिहून राह्यला का पोथी?” भाऊ म्हणाले.

“चूक राह्यली तर येडं समजतील ना भाऊ!”

“समजू दे. पाठव आता!”

पाठवला. उत्तर आलं... ‘आम्हाला असं काही आढळलं नाही.’ दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या उत्तरातले पत्ते निरखून पाहिले... दोन्ही ठिकाणी ‘शेतकर्यांची’! त्यांच्याकडे कॉपी होताना तो जोडच गळाला होता. आमच्या गिऱ्हाइकांची चूक थेट कंपनीने केली होती.

मग मी शब्दाची फोड करून पाठवली. एका ओळीत एक अक्षर, शेजारी त्याचा कोड... आणि जोडाच्या ओळीभोवती लाल चौकट.

काल अपडेट आलं. लगेच चुकीचा पत्ता उघडला... पासवर्डची जागा रिकामी! त्याच त्या टाळ्या. तुम्हीही ब्राउझर अपडेट करून घ्या.

संध्याकाळी कंपनीचा मेल आला. दोष खरा होता, आभाराच्या यादीत तुमचं नाव घालतोय... ते नेमकं कसं लिहू?

तेलुगू शाळेच्या दाखल्यावर माझं नाव एक आहे, रेशन कार्डावर दुसरं आणि बँकेच्या पासबुकात तिसरंच. कसं लिहायचं, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं... विचारणाऱ्या त्या अनोळखी माणसाचे मनापासून आभार.