उरलेली खोकी

पत्नीच्या आजारपणातून उरलेल्या सीलबंद नळ्या आणि हातमोजे परत घेण्यास रुग्णालयाने नकार दिला.

"कोणत्या कलमाखाली?" मी खिडकीशी कडाडलो.

"कलम नाही हो काका, पद्धत आहे. टाकून द्या," आतली मुलगी म्हणाली.

पद्धतीखाली कोणाचीच सही नसते; तिच्याविरुद्ध दाद कुठे मागायची? कुठल्याशा गरीब देशात डॉक्टर असलेच हातमोजे धुऊन पुन्हा घालत असतील, आणि इथे न उघडलेली खोकी कचऱ्यात!

माझ्या अनेक संतप्त पत्रांनंतर, आफ्रिकेतल्या रुग्णालयांना साहित्य पाठवणाऱ्या संस्थेचा माणूस काल घरी आला. खोकी उचलताना हसून म्हणाला, "आजींना आता लागत नाही वाटतं? छान झालं!"

आयुष्यभर मी प्रत्येक वाक्याला हरकत घेत आलो. या वाक्याला घेतली नाही. निदान त्या एका माणसाच्या लेखी ती बरी होऊन आतल्या खोलीत वावरत होती.