दिरांच्या तबकडीची दुसरी बाजू

माझे धाकटे दीर जहाजावरची नोकरी सोडून कायमचे रत्नागिरीला आले, तेव्हा त्यांच्या सामानात एक रेकॉर्ड प्लेयर, दोन दांडगे स्पीकर आणि एकच तबकडी होती. रॉटरडॅमच्या कुठल्याशा दुकानातून त्यांनी ती तरुणपणी घेतलेली. हार्ड ट्रान्स नावाचं संगीत असतं, हे मला तिच्यामुळे कळलं. एका बाजूला मूळ गाणं, उलट बाजूला त्याच गाण्याचं दुसरं मिक्स, म्हणजे वेगळी बांधणी. गाणं म्हणायचं, पण शब्द एकही नाही. सतत धपधप ठोके, आणि मध्येच ते थांबून एक सुरावट वर वर चढत जायची.

घर वाटणीत निम्मं त्यांचं होतं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. माझे यजमान मुंबईत नोकरीला. मधल्या चिऱ्याच्या भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे ते. मी दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते, दुपारी चारला. आणि नेमकं चारलाच ते गाणं सुरू व्हायचं. बाकांवरच्या पट्ट्या थरथरत. मुलं प्रमेय लिहिता लिहिता पेनांनी ठेका धरत. एका मुलीच्या आईने तिला काढून दुसरीकडे घातलं, तेव्हा मी दिरांच्या दारात गेले. आवाज कमी करा म्हटलं. माझ्या खोलीत वाजतंय, एवढंच ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. यजमानांना फोन केला, तर ते म्हणाले, तुम्ही दोघं मोठी माणसं आहात, आपसात बघा.

मी बघितलं. एकदा ते हातखंब्याला गेले होते. मी मुलांसाठी ठेवलेलं कर्कटक घेतलं आणि पलीकडे गेले. तबकडी प्लेयरवरच होती, मूळ गाण्याची बाजू वर. टोक रुतवून मी मधून कडेपर्यंत तीन रेघा ओढल्या. बरं वाटलं, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी चारला गाणं सुरू झालं आणि टक टक करत एकाच जागी अडकलं. मी फळ्यापाशी खडू धरून उभी राहिले. आता आरडाओरडा होईल, मग मीही काय ते सुनावीन, अशी तयारी होती. पण त्यांनी नुसती तबकडी उलटली. ते दुसरं मिक्स आम्ही तोवर कधी ऐकलं नव्हतं. ते जास्त लांब होतं, जास्त कडक होतं, आणि त्यात ठोके कुठेच थांबत नव्हते. त्या दिवसापासून रोज तेच.

असे चार-पाच महिने गेले. एका सकाळी दीर परसात पाठमोरे उभे होते आणि त्यांच्या डोक्यावरची वाळकी झावळी सुटायला आली होती. मी तीनदा हाक मारली. त्यांनी मान वळवली नाही. मला वाटलं, मुद्दाम. झावळी त्यांच्या खांद्याला घासून पडली, तेव्हा ते दचकून वळले.

"एवढ्या हाका मारल्या. बहिरे आहात का?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. "डावा कान पूर्ण गेलाय. उजवा थोडा आहे," ते म्हणाले. "जहाजाच्या इंजिनाशी वीस वर्षं काढली. म्हणून तर घरी पाठवलं."

मग ते गाणं कशाला लावता, असं मी विचारलं.

"ठोके पायांना कळतात. ती मधली सुरावट मात्र उजव्या कानाने पुसटशी यायची. तेवढी एकच गोष्ट मला अजून ऐकू येत होती, वहिनी. उलट बाजूला ती नाही."

मला लाज वाटायला हवी होती. आधी आला तो रागच. हे आल्या दिवशी सांगितलं असतं तर, असं मी म्हटलं. तुम्हाला कशाला सांगायचं, असं ते म्हणाले आणि आत गेले.

पुढे यजमानांकरवी मी त्या तबकडीची दुसरी प्रत शोधायला लावली. मुंबईतल्या एका जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्याने ती कुठूनशी मागवून दिली. मी ती दिरांच्या उंबऱ्यावर ठेवून आले. शिकवणीच्या वेळी त्यांनी ती तशीच गुंडाळलेली माझ्या टेबलावर आणून ठेवली. समोर मुलं बसली होती.

"हे तुमचं," ते म्हणाले.

शिकवणी मी सकाळी सातवर नेली. पंपाचं, गड्याचं, कुंपणाचं जे काही ठरवायचं असतं, ते आम्ही यजमानांना फोनवर लिहून पाठवतो आणि ते एकाचं दुसऱ्याला कळवतात. चार वाजता मी बाजारात जाते. नवी तबकडी कपाटात आहे. परत त्यांच्या दारात न्यायची नाही, असं मी ठरवलंय.