घसरगुंडीखालचा कान

"बठा भाऊ," असं म्हणून सर घसरगुंडीखाली शिरायचे आणि तिच्या पाठीला कान लावायचे. वर बसायचं मी. जळगावच्या आमच्या फायबरच्या कारखान्यात मी स्टोअरकीपर, आणि सगळ्यांत वजनदार माणूस. पदाने नव्हे, हे तुम्ही ओळखलंच असेल.

सर धुळ्याच्या कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले. आमच्याकडे तपासणीला आले ते हौसेने. काचेच्या धाग्यांची मॅट, त्यावर रेझिन, पुन्हा मॅट, असे थर देऊन आम्ही माल करतो. मध्ये हवा अडकली की वजनाखाली थर एकमेकांना सोडतात. बाहेरून मात्र सगळं चकचकीत. "तुटण्याआधी बारीक करकरतं," सर म्हणायचे. मग खालून हुकूम, "पुढे सरका. आता जरा उड्या मारा." कामगार हसून बेजार. शनिवारी धुळ्यात देवपूरला घरी गेले की नातीला हाच तमाशा करून दाखवायचे. ती पलंगाखाली कान लावायची आणि सर वर बसून माझी नक्कल करायचे.

एकदा त्या नातीच्याच शाळेची घसरगुंडी तयार झाली. उद्घाटनाला पहिली तूच घसरणार, असं सरांनी तिला कबूल केलं होतं. टेम्पो दारात उभा होता. मी बसलो आणि खालून सर ओरडले, "हाई बोलनी!" ही बोलली, म्हणजे करकरली. ऐन वेळी त्यांची अहिराणी बाहेर यायची.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. शेठ म्हणाले, "सर, उद्या उद्घाटन आहे. वरून एक थर मारून देऊ."

"आतले सुटलेत, शेठ. वरून मारून काय होणार?"

त्यांनी ती वाकणापाशी करवतीने कापायला लावली. आतले थर खारी बिस्किटासारखे सुटत होते. शेठनी टेम्पो परत पाठवला.

उद्घाटन नुसत्या झोक्यांवर झालं. "रुसली शे मायबाई," सर सोमवारी नातीबद्दल हसत म्हणाले, पण त्यांना ते लागलं होतं. नवी घसरगुंडी साच्यातून निघण्याआधीच सर गेले. झोपेतच गेले. मी कारखान्यात सगळ्यांसमोर रडलो.

नवी बसवायला मी स्वतः देवपूरला गेलो. निघण्यापूर्वी तपासणी झालीच होती. मी बसलो, शेठनी कान लावला. शाळेत मुलांची रांग लागली. बाईंनी सरांच्या नातीला पुढे आणलं.

"चढ बेटा, पहिला नंबर तुझा," मी म्हटलं.

ती चढली नाही. वाकून घसरगुंडीखाली शिरली, कान लावला आणि तिथूनच म्हणाली, "बठा भाऊ."

मी चपला काढल्या आणि शिडी चढू लागलो.